जिवंत पेशी, बेताचा उजेड

मुळशी तालुक्यात लावणी उरकली की आंबेमोहराच्या खाचरात पाणी तुंबलेलं असतं आणि चिखलावर हिरवट-निळसर, बुळबुळीत थर धरतो. लोक त्याला शेवाळ म्हणून सोडून देतात. भातखाचरातल्या अशा थरात नील-हरित जीवाणूंची वस्ती असते; अ‍ॅनाबिना हा त्यातला नेहमी आढळणारा प्रकार. भाताला नायट्रोजन पुरवण्यात या जीवांचा मोठा वाटा आहे, हे पी. के. डे यांनी 1939 सालीच दाखवून दिलं होतं.

अ‍ॅनाबिना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या हिरव्या माळेसारखा दिसतो. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर हिरव्या प्रकाशाचा झोत सोडला की तोच धागा लालभडक उजळतो. रंग टाकावा लागत नाही. पेशीतली रंगद्रव्यं प्रकाश शोषतात, त्यातली थोडी ऊर्जा वाटेत खर्च होते आणि उरलेली अधिक लांब तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. हे वर्तन जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 साली उलगडलं. नीट पाहिलं तर दर दहा-पंधरा पेशींमागे एखादी पेशी मंद दिसते. नायट्रोजन बांधणारी हेटेरोसिस्ट ती हीच. ते काम करणाऱ्या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून ही पेशी ऑक्सिजन सोडणारी आपली प्रकाशयंत्रणा मोडून टाकते आणि त्यापायी तिचा लाल उजेड मंदावतो. कोणती पेशी कोणतं काम करते आहे, हे तिला न मारता, न कापता कळतं. मला या तंत्राची खरी थोरवी इथेच दिसते.

पण बहुतेक पेशी आपणहून अशा उजळत नाहीत. त्यांना उजेड द्यावा लागतो. ओसामु शिमोमुरा यांना 1962 साली एका जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं. डग्लस प्रॅशर यांनी 1992 मध्ये त्याचा जनुक वेगळा केला, मार्टिन चाल्फी यांनी 1994 मध्ये तो दुसऱ्या सजीवांत चालवून दाखवला आणि रॉजर त्सिएन यांनी त्याच्या निरनिराळ्या रंगछटा घडवल्या. 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. आता हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला हा जनुक जोडता येतो. मग ते प्रथिन पेशीत जाईल तिथे हिरवा ठिपका सोबत जातो.

अडचण पुढेच आहे. चमकणारा रेणू प्रकाश शोषून उत्तेजित होतो तेव्हा तो कधी कधी शेजारच्या ऑक्सिजनला छेडतो. त्यातून तयार होणारे उग्र रेणू पेशीची पटलं, प्रथिनं आणि डीएनए पोखरतात. रेणू स्वतःही विझतो. चित्र झगझगीत हवं म्हणून लेसर वाढवावा, तर ज्या पेशीचं जगणं पाहायचं तीच आजारी पडते. जिवंत पेशींच्या सूक्ष्मदर्शनाचा गेल्या काही दशकांतला इतिहास मी तरी प्रकाश वाचवण्याचा इतिहास म्हणूनच वाचतो. मार्विन मिन्स्की यांच्या कॉन्फोकल रचनेने (पेटंटचा अर्ज 1957) धूसरपणा गेला. पण एका पातळीचं चित्र घेताना वरखालची पेशीही भाजत राहते. 1990 साली आलेल्या द्विफोटॉन पद्धतीत रेणू फक्त नाभीपाशीच उत्तेजित होतो. 2004 मध्ये पुढे आलेल्या प्रकाशपटल पद्धतीत बाजूने पातळ पटलासारखा प्रकाश सोडतात. जी पातळी पाहायची तेवढीच उजळते.

पेशी मुळात जिवंत राहिली पाहिजे, ही निम्मी लढाई. इथे पुण्याचं एक नाव घेतलंच पाहिजे. 1917 साली पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल रणदिवे यांनी वि. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केलं. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून आल्या. जगभर वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी 1951 मध्ये वाढल्या त्या तिथेच. परतल्यावर मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती देशातली पहिली मानली जाते. आज 37 अंश तापमान आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड राखणारी पेटी सूक्ष्मदर्शकालाच बसवलेली असते. गणेशखिंडीतलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतं.

मुळशीतल्या पौडहून पुण्यात येताना चांदणी चौक ओलांडला की पाषाण लांब नाही. तिथे 2006 साली आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था सुरू झाली. तिथल्या ऋचा रिखी फळमाशीच्या भ्रूणावर काम करतात. या भ्रूणात पहिली तेरा विभाजनं फक्त केंद्रकांची होतात. केंद्रकांना एकमेकांपासून पूर्ण वेगळं करणारी पटलं मध्ये तयार होत नाहीत. मग प्रत्येक केंद्रकावरच्या पटलाला स्वतःची हद्द असते का? आयसरला येण्याआधी, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या कामात, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भ्रूणाच्या पटलातले रेणू लेसरने मुद्दाम विझवले. हद्द नसती तर शेजारचे उजळ रेणू वाहत आले असते आणि शेजारही मंदावला असता. तसं झालं नाही. पेशी वेगळ्या होण्याआधीच वाटणी झालेली होती. एरवी नुकसान म्हणून टाळायचं ते विझणंच इथे मोजमापाचं साधन झालं.

आयसरमधल्याच थॉमस पुकाडियिल यांनी वेगळी वाट धरली. पेशी आपल्या पटलाची पिशवी आत ओढून घेते तेव्हा तिची मान डायनामिन हे प्रथिन तोडतं. ही घटना पेशीच्या गर्दीत स्वच्छ दिसत नाही. म्हणून त्यांच्या गटाने चमकणारी मेदद्रव्यं मिसळून काचेवर पटलाच्या अतिसूक्ष्म नळ्या बनवल्या, त्यांवर डायनामिन सोडलं आणि नळ्या तुटताना कॅमेऱ्यात टिपल्या. हे काम 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. 2018 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. अर्थात काचेवर जे घडलं ते जिवंत पेशीतही तसंच घडतं, हे वेगळं पडताळावं लागतं.

त्या पडताळणीत एक साधी शिस्त फार मोलाची आहे. एकाच संवर्धनातल्या दोन बशा घ्यायच्या, एकीचं चित्रण करायचं, दुसरीवर उजेड पडू द्यायचा नाही आणि शेवटी दोन्हींतल्या पेशी किती विभागल्या ते मोजायचं. चित्रण केलेल्या बशीत विभाजन रेंगाळलं, तर त्या चित्रफितीवरून निष्कर्ष काढायचे नाहीत. लेसर कमी करून, दोन चित्रांमधलं अंतर वाढवून प्रयोग पुन्हा करायचा. जिवंत पेशींची चित्रफीत कितीही देखणी असो, अंधारातल्या बशीचा आकडा आधी विचारावा.