औषधी बाटल्यांचा संग्रह
जुन्या वस्त्यांच्या जागी जमिनीत सापडणाऱ्या काचेच्या औषधी बाटल्या जमवण्याचा छंद अमेरिकेत विशेष रूढ आहे. एकोणिसाव्या शतकात रिकाम्या बाटल्या शौचकूपांत व उकिरड्यांत टाकल्या जात; तेथे अनेक अखंड टिकल्या.

कालनिश्चिती
तळाशी दांडी तोडल्याचा खरबरीत व्रण असल्यास बाटली साधारणतः १८६०च्या दशकाअखेरपूर्वीची मानतात. ओठावरूनही गेलेली साच्याची शिवण यंत्रनिर्मिती दर्शवते. मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र १९०३ नंतर प्रचारात आले. १९०६च्या कायद्याने औषधातील मद्य, अफू आदींचा उल्लेख लेबलावर बंधनकारक झाला.

कायदा
थर विस्कटल्यास बाटली उरते, पण ती कोणाची व केव्हाची हे सांगणारा संदर्भ नष्ट होतो. १९७९च्या कायद्यानुसार संघराज्याच्या जमिनीतून किमान शंभर वर्षे जुने पुरावशेष विनापरवाना काढणे गुन्हा आहे.