हुकअप तार

हुकअप तार ही इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या आतील सुटे भाग एकमेकांस जोडण्यासाठी वापरली जाणारी, विद्युतरोधक आवरण असलेली बारीक तार होय. घरी ॲम्प्लिफायर, रेडिओ किंवा माईकचा पूर्व-वर्धक बांधताना ट्रान्सफॉर्मर, पीसीबी, व्हॉल्यूम कंट्रोल, सॉकेट आणि स्पीकर यांना जोडणारा दुवा म्हणजे हीच तार. बाजारात ती 'हुकअप वायर' या नावानेच मागितली जाते. ध्वनी-उपकरणासाठी तार निवडताना तिची किंमत किंवा तिच्या धातूची ख्याती निर्णायक नसते. तीमधून वाहणारी विद्युतधारा, तिला सोसावे लागणारे विभवांतर, उष्णता, हालचाल आणि तिची मांडणी या पाच बाबी निर्णायक असतात.

## रचना

हुकअप तारेचा वाहक बहुधा तांब्याचा असतो. एकाच जाड धाग्याच्या तारेस एकपदरी, तर अनेक बारीक धागे पिळून केलेल्या तारेस बहुपदरी तार म्हणता येईल. एकपदरी तार वाकवली की तशीच राहते, म्हणून ती ब्रेडबोर्डवर आणि न हलणाऱ्या जोडण्यांत सोयीची ठरते. मात्र वारंवार वाकल्यास ती तुटते. स्विच, सॉकेट, पेटीचे झाकण यांकडे जाणाऱ्या जोडण्यांत बहुपदरी तार वापरतात.

काही तारांतील तांब्यावर कथलाचा मुलामा असतो. त्यामुळे तांबे काळवंडत नाही आणि डाख देणे, म्हणजेच सोल्डरिंग, सुलभ होते.

## जाडी व तिची मोजमापे

तारेची जाडी सांगण्याच्या निरनिराळ्या पद्धती एकाच वेळी प्रचलित असल्याने नवशिक्यांचा गोंधळ होतो. अमेरिकी गेज पद्धतीतील २२ क्रमांकाच्या तारेचा व्यास ०.६४ मिमी असतो, तर ब्रिटिश प्रमाण गेज पद्धतीतील त्याच क्रमांकाच्या तारेचा ०.७१ मिमी. दोन्ही पद्धतींत क्रमांक वाढतो तशी तार बारीक होते. परदेशी आराखड्यात दिलेला गेज कोणत्या पद्धतीचा आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

भारतीय बाजारात बहुपदरी तार '१४/३६' अशा अंकांनी ओळखली जाते. त्यातील पहिला अंक धाग्यांची संख्या, तर दुसरा प्रत्येक धाग्याचा ब्रिटिश गेज दर्शवितो. ३६ गेजच्या धाग्याचा व्यास सुमारे ०.१९ मिमी असतो. पुढील तक्त्यातील मूल्ये शुद्ध तांबे गृहीत धरून काढली आहेत.

| निर्देश | तांब्याचे क्षेत्रफळ | एक मीटरचा रोध | सामान्य उपयोग |
|---|---|---|---|
| ७/३६ | ०.२० चौ. मिमी | ८४ मिलिओहम | संकेत, एलईडी, लहान पीसीबी |
| १४/३६ | ०.४१ चौ. मिमी | ४२ मिलिओहम | पेटीतील विद्युतपुरवठा व स्पीकर |
| २३/३६ | ०.६७ चौ. मिमी | २६ मिलिओहम | मोठा ॲम्प्लिफायर, जवळचा स्पीकर |
| ४०/३६ | १.१७ चौ. मिमी | १५ मिलिओहम | बॅटरी, दूरचा स्पीकर |

## जाडी ठरविण्याची रीत

यासाठी ओहमचा नियम पुरेसा आहे. २० वॅटचा ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण शक्ती देताना सुमारे १.६ अँपिअर धारा वाहते. पेटीच्या आत जाणारी व येणारी मिळून ६० सेंमी तार १४/३६ ची असेल, तर तिचा रोध केवळ ०.०२५ ओहम होतो. येथे अधिक जाड तार वापरून आवाजात काहीच फरक पडत नाही.

अंतर वाढले की चित्र बदलते. भजनी मंडळाचा स्पीकर देवळाच्या सभामंडपात ॲम्प्लिफायरपासून १० मीटरवर ठेवला, तर तारेची एकूण लांबी २० मीटर होते. ही जोडणी ७/३६ तारेने केल्यास तारेचाच रोध १.७ ओहम होतो आणि ॲम्प्लिफायरने दिलेल्या शक्तीपैकी सुमारे १७ टक्के शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ४०/३६ तारेत हेच प्रमाण साडेतीन टक्क्यांवर येते.

बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणात हा विचार अधिक महत्त्वाचा असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून २ मीटर अंतरावर ५ अँपिअर धारा न्यायची असल्यास १४/३६ तारेत ०.८ व्होल्टहून अधिक विभवांतर खर्ची पडते. ४०/३६ तारेत ते ०.३ व्होल्ट इतकेच असते.

## आवरण

पीव्हीसीचे आवरण स्वस्त असून बहुतेक कामांस पुरते. सर्वसाधारण पीव्हीसी सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानासाठी बनविलेले असते. डाख देताना कावीया जास्त वेळ टेकवल्यास ते वितळून मागे सरकते. टेफ्लॉनचे आवरण साधारणतः २०० अंशांपर्यंत टिकते, परंतु ते महाग व सोलण्यास अवघड असते. सिलिकॉनचे आवरण उष्णता सोसते आणि अतिशय लवचीकही असते. हीट सिंक किंवा व्हॉल्व्ह यांच्या निकटच्या तारेस उष्णता सोसणारे आवरण निवडावे, किंवा ती तार त्यांपासून दूर न्यावी.

आवरण दातांनी किंवा काडीने जाळून काढणे अयोग्य आहे. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो, तर दातांनी सोलताना दातांना इजा होते आणि तारेचे धागेही तुटतात.

## गुणगुण व बाह्य संकेत

घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरमधील गुणगुण ही बहुधा तारेच्या प्रतीमुळे नव्हे, तर मांडणीमुळे उद्भवते. ५० हर्ट्झची गुणगुण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रामुळे किंवा उघड्या संकेत-तारेमुळे येते. १०० हर्ट्झची गुणगुण अनेकदा एकदिशीकरणानंतरच्या विद्युतपुरवठ्यातून येते. फिल्टर कपॅसिटरकडे जाणारी मोठी धारा आणि सूक्ष्म ध्वनिसंकेत यांची परतीची वाट एकाच तारेतून नेल्यास ती वाढते. म्हणून या वाटा स्वतंत्र ठेवून एकाच बिंदूत आणतात, ट्रान्सफॉर्मरच्या जाणाऱ्या व येणाऱ्या तारा एकमेकींभोवती पिळतात आणि संकेताच्या तारा त्यांपासून दूर ठेवतात.

माईक व व्हॉल्यूम कंट्रोल यांच्या जोडणीत साधी हुकअप तार न वापरता जाळीचे कवच असलेली तार वापरणे योग्य. उघडी लांब तार अँटेनाचे काम करते. परभणी आकाशवाणी केंद्राच्या मध्यम लहरींची वारंवारता १३०५ किलोहर्ट्झ आहे. अशा प्रक्षेपण मनोऱ्याच्या जवळपास, कवच नसलेल्या आदान-तारेने पकडलेला संकेत ॲम्प्लिफायरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये एकदिशित होऊन रेडिओचा कार्यक्रम स्पीकरमधून ऐकू येऊ शकतो. आखूड व कवचयुक्त तार हा त्यावरील पहिला उपाय होय. पेटीच्या आतील अशा जोडणीत कवच बहुधा एकाच टोकाला भूमीशी जोडतात.

## मुख्य विद्युतपुरवठ्याची जोडणी

२३० व्होल्टचा घरगुती पुरवठा ज्या भागांतून जातो, तेथे सामान्य हुकअप तार वापरू नये. तिचे पातळ आवरण घासून फाटल्यास धातूच्या पेटीत वीज उतरते. या भागासाठी 'आयएस ६९४' या भारतीय मानकाची, आयएसआय चिन्ह असलेली तीनपदरी तार घ्यावी. तिच्यातील हिरवी-पिवळी तार पेटीच्या धातूस घट्ट जोडावी, फेज तारेवर फ्यूज बसवावा आणि भिंतीवरील सॉकेटला अर्थिंग प्रत्यक्षात आहे, याची खात्री तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. विद्यार्थ्यांनी हा भाग जाणकाराच्या देखरेखीखालीच जोडावा. प्रथम प्रयोगांसाठी बॅटरी अधिक सुरक्षित असते.

## तांब्याची पारख

तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात मिळते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या सुमारे दीडपट असतो आणि ती लवकर तुटते. पात्याने धागा खरवडल्यास भेद कळतो. बाहेर तांबूस व आत पांढरा धागा हा ॲल्युमिनियमचा असतो, तर बाहेर पांढरा व आत तांबूस धागा हा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचा. चुंबकास चिकटणाऱ्या तारेत लोखंड असते.

## प्रचलित समजुती

चांदीच्या किंवा 'ऑक्सिजनमुक्त' तांब्याच्या तारेने ध्वनी सुधारतो, अशी समजूत आहे. चांदीची विद्युतवाहकता तांब्याहून सुमारे सहा टक्केच अधिक असते. तोच लाभ तांब्याची तार किंचित जाड घेऊन मिळतो. उच्च वारंवारतेची धारा वाहकाच्या पृष्ठभागाकडे सरकते, हे खरे. तथापि मानवी श्रवणाच्या वरच्या मर्यादेला, म्हणजे २० किलोहर्ट्झला, तांब्यातील ही खोली सुमारे ०.४७ मिमी असल्याने एक मिलिमीटरपर्यंतच्या तारेत हा परिणाम नगण्य ठरतो.

## महाराष्ट्रातील उपलब्धता

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक साहित्याच्या परिचित बाजारपेठा आहेत. सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावरील परभणीस हैदराबादमधील कोठी भागाची बाजारपेठही रेल्वेने जोडलेली आहे. मात्र थोड्या तारेसाठी प्रवास आवश्यक नाही. संगणक-जाळ्याच्या उरलेल्या केबलमध्ये आठ वेगवेगळ्या रंगखुणांच्या, सुमारे अर्धा मिमी व्यासाच्या तारा असतात. त्या एकपदरी व तांब्याच्या असल्यास ब्रेडबोर्डवरील प्रयोगांस उत्तम असतात.

## हेही पहा

* ओहमचा नियम
* ॲम्प्लिफायर
* विद्युतरोधक
* भूसंपर्कन