कडी आतूनच निघते

एका कवीनं कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेवर बोलावं, हे तुम्हाला जरा चमत्कारिक वाटेल. मी साधा बीए झालेला माणूस. त्या यंत्राच्या पोटात काय चालतं हे मला अजूनही धड कळत नाही. पण ज्याला ठेच लागलेली असते त्याला दगड कुठे आहे हे नेमकं सांगता येतं. तेवढ्याच अधिकारानं बोलतो आहे.

माझी अम्मी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. गावातल्या इतर बायकांसारखीच तीही पहाटे जात्यावर बसायची. घरात बोलणं दखनी, ओवी मात्र मराठी. १९९६ साली मी तिच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि जमतील तेवढ्या ओव्या टेप करून घेतल्या. पुढे ती गेली. पावसाळ्यात कॅसेटना बुरशी धरायला लागली, म्हणून २०१२ साली ओळखीच्या एका मुलाकडून त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. एकंदर ४१ फायली झाल्या. कॅसेटींचं नंतर काय झालं, कुणी विचारलं नाही. कॉम्प्युटरवर आहे म्हणजे जपलं गेलं, अशी माझी समजूत.

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मनात आलं, या ओव्यांमागची टेपची खरखर काढून टाकावी. त्यासाठीचं सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे पडत होते. इंटरनेटवर तेच ‘क्रॅक’ केलेलं, म्हणजे कुलूप फोडलेलं, फुकट मिळत होतं. सोबत एक सूचना होती: बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर तो उगाच तक्रार करील. मी बंद केला. माझी एखादी कविता कुणी न विचारता छापली तर मी आठ दिवस धुसफुसत असतो. इथे मी दुसऱ्याची मेहनत फुकटात उचलत होतो आणि ही चोरी आहे, हे मनाला शिवलंही नाही.

संध्याकाळी पाहतो तर प्रत्येक फायलीच्या नावामागे एक अनोळखी शेपूट चिकटलेलं. एकही ओवी वाजेना. मुलीच्या लग्नाचे फोटो उघडेनात, पंधरा वर्षांच्या कविता उघडेनात. प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी: फायली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९० डॉलर. भाचा पुण्याहून सुट्टीला आलेला होता. तो बराच वेळ खाटखुट करत बसला आणि मग म्हणाला, “मामू, अँटिव्हायरस बंद कौन करा?”

“मीच,” मी म्हटलं.

या प्रकाराला रॅन्समवेअर म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी. माझ्याकडे आलेल्याचं नाव ‘स्टॉप’. २०१८ च्या सुमारास तो पसरू लागला. मोठमोठ्या कंपन्यांच्या नादी न लागता क्रॅक केलेली सॉफ्टवेअर शोधणाऱ्या माझ्यासारख्या घरगुती माणसांवरच त्याचा डोळा. तो फायली पळवून नेत नाही. त्या जागच्या जागी सांकेतिक लिपीत लिहून टाकतो. या कुलपाची गंमत अशी की ते लावण्याची किल्ली वेगळी आणि उघडण्याची वेगळी. लावण्याची किल्ली घेऊन तो तुमच्या घरात येतो. उघडण्याची टोळीच्या खिशात राहते. त्यामुळे कितीही हुशार माणूस आणून बसवला तरी नुसत्या खटपटीनं ते कुलूप निघत नाही. आणि पैसे मोजले तरी किल्ली मिळेलच असं कोण सांगणार? मी मोजले नाहीत. खरं सांगायचं तर एकदा मनात आलं होतं.

आता व्हायरस या गोष्टीविषयी थोडं. व्हायरस म्हणजे स्वतःच्या प्रती काढत पसरणारा प्रोग्राम. घरगुती कॉम्प्युटरवरच्या अगदी सुरुवातीच्या व्हायरसांपैकी एक १९८६ साली लाहोरमध्ये तयार झाला. त्याचं नाव ‘ब्रेन’. बासित आणि अमजद अल्वी हे दोघे भाऊ डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर विकत असत. लोक त्याच्या चोरून नकला करतात म्हणून त्यांनी हा प्रोग्राम लिहिला आणि त्यात आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला. फ्लॉपीवरून तो देशोदेशी गेला आणि लाहोरच्या त्या दुकानात परदेशातून फोन वाजू लागले. म्हणजे या कथेच्या मुळाशीही फुकटची नक्कल आहेच. आजचे लोक मात्र नावपत्ता ठेवत नाहीत.

मला जास्त विचार करायला लावला तो २००० सालच्या व्हायरसनं. त्या वर्षी ४ मे रोजी जगभरच्या लोकांना ओळखीच्या माणसाकडून ईमेल आलं, विषय ‘आय लव्ह यू’. सोबत प्रेमपत्राची फाइल. फाइलच्या नावात शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ दिसायचं, म्हणजे साधा मजकूर. पण नाव तिथे संपत नव्हतं. त्याच्यापुढे ‘डॉट व्हीबीएस’ असं आणखी एक शेपूट होतं आणि विंडोज ते दाखवतच नव्हतं. हे दुसरं शेपूट खरं. त्याचा अर्थ, हे पत्र नाही, हा प्रोग्राम आहे. लोकांनी हौसेनं उघडलं. त्यानं त्यांच्या वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर तेच पत्र धाडलं आणि फोटोंच्या फायलींवर स्वतःला लिहून फोटो पुसून टाकले. लिहिणारा फिलिपिन्समधला ओनेल दे गुझमान नावाचा तरुण. इंटरनेट फुकट वापरता यावं म्हणून त्याला लोकांचे पासवर्ड हवे होते. त्या देशात तेव्हा अशा गुन्ह्यासाठी कायदाच नव्हता, त्यामुळे तो सुटला.

तुम्ही म्हणाल, पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज कशाला? कारण डाव तोच आहे. प्रेमपत्राच्या जागी आता लग्नपत्रिका आली. व्हॉट्सॅपवर ओळखीच्याच नंबरवरून येते आणि नावाच्या शेवटी असतं ‘डॉट एपीके’. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचं ॲप. पत्रिका वाचायला कधी काही बसवावं लागतं का? मला कविसंमेलनाचं निमंत्रण अशा फायलीतून आलं तर मी उघडीन की नाही, याची मला स्वतःचीच खात्री नाही. निमंत्रण म्हटलं की कवीचा हात शिवशिवतो. म्हणून आता सवय लावून घेतली आहे. आधी पाठवणाऱ्याला फोन, मग फाइल. कॉम्प्युटरवर फायलींची शेपटं दिसतील अशी व्यवस्था करता येते. फायलींच्या खिडकीत ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ यापुढे खूण करायची, एवढंच. ज्याच्या शेपटीला ‘ईएक्सई’ आहे ते पत्र नव्हे, चित्र नव्हे, बिलही नव्हे.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे, ती म्हणजे पेनड्राइव्हची. दिवाळी अंकासाठी मजकूर द्यायचा, डीटीपीवाल्याकडे पेनड्राइव्ह खोचायचा, घरी येऊन आपल्या मशीनला लावायचा. पूर्वी तो खोचताक्षणीच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होऊ शकत असे. २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टनं ती सोय पेनड्राइव्हपुरती बंद केली. तेव्हा व्हायरसवाल्यांनी युक्ती बदलली. तुमचे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे, डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असलेले शॉर्टकट ठेवायचे. तुम्ही आपलं फोल्डर समजून दोनदा टिचकी मारता आणि व्हायरस घरात येतो. अशा वेळी पुष्कळ जण घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि खरं नुकसान तिथे होतं. मूळ फायली बहुधा आतच असतात, नुसत्या लपवलेल्या. बाणाला हात लावू नका, अँटिव्हायरसकडून तपासून घ्या आणि जाणत्याकडून लपलेल्या फायली उघड करून घ्या. परक्या दुकानात पेनड्राइव्ह नेण्यापेक्षा मजकूर मेलनं पाठवलेला बरा.

अँटिव्हायरस कोणता, हा प्रश्न लोक हमखास विचारतात. विंडोजबरोबर आता तो फुकटच येतो आणि घरगुती वापराला ठीक असतो. विकतचा हवा असेल तर घ्या. आपल्या पुण्यातच काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून क्विक हीलसारखी कंपनी उभी केली, याचं मला कौतुक आहे. पण राखणदार कितीही चांगला असला तरी मालकच त्याला म्हणाला, तू जरा झोप, तर तो काय करणार?

काही वेळा मात्र आपण कडी काढलेली नसते, तर मोडकी कडी बदललेली नसते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर सुमारे दीडशे देशांत पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. इथे कुणी काही उघडण्याची गरजच नव्हती. विंडोजमधल्या एका फटीतून तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपणहून जात होता. त्या फटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, १४ मार्चला दिली होती. ज्यांनी ‘अपडेट’ला ‘नंतर बघू’ म्हटलं, तेच सापडले. विंडोज १० ला या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. ज्यांच्याकडे अजून ते आहे त्यांनी जाणत्याला विचारून पुढची सोय करावी.

आणखी एक. अचानक पडदा लाल-निळा होतो, भोंगा वाजतो आणि लिहून येतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा. यात व्हायरस बहुधा नसतोच, ते नुसतं एक वेबपान असतं. खरा धोका त्या नंबरवर. पलीकडचा गोड माणूस एक छोटा प्रोग्राम बसवायला सांगतो आणि तुमचं मशीन त्याच्या हाती जातं. मग बँकेचं पान उघडायला लावतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पान बंद होत नसेल तर सरळ मशीन बंद करा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या नंबरवर तक्रार करा. जितकी लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. पासवर्डांबद्दल तुम्ही ऐकलेलं असेलच. बँकेचा आणि मेलचा पासवर्ड एकच ठेवू नका.

आता राहता राहिली ती नक्कल, म्हणजे बॅकअप. हे मला आधी कळायला हवं होतं. बाहेरची हार्डडिस्क दीड मुठीएवढी असते. महिन्यातून एकदा तिच्यावर सगळं उतरवायचं आणि मग वायर काढून ती कपाटात ठेवायची. वायर काढणं महत्त्वाचं. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिच्यावरच्या फायलींनाही कुलूप लावतो. दुसरी नक्कल दुसऱ्या घरी असावी. आमची आपाकडे आहे.

आपाचं नाव आलं म्हणून सांगतो. त्याच ऑक्टोबरमध्ये ‘स्टॉप’ची कुलपं उघडणारं एक फुकट साधन जाणकारांनी काढलं होतं. पण ऑगस्टनंतर टोळीनं कुलपाची पद्धत बदलली होती. त्यामुळे माझ्या फायलींना ते लागू पडलं नाही. पुढेमागे एखादी किल्ली बाहेर येते, असं भाचा म्हणतो. म्हणून त्या ४१ फायली मी पुसलेल्या नाहीत, वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत. नंतर ईदला बार्शीला गेलो तेव्हा आपानं ट्रंकेतून एक कॅसेट काढली. मीच कधीतरी तिला नक्कल करून दिली होती आणि विसरलो होतो. तिच्यात १७ ओव्या निघाल्या. एका ओवीच्या मध्येच अम्मी थांबते आणि दूध उतू चाललंय म्हणून आपाला हाक मारते. खरखर भरपूर आहे. ती मी काढलेली नाही.