कच्च्या कामाचा कागद

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. बरोबर जाणाऱ्या मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून शाळा त्यांच्या याद्या करतात, शिक्षण हमी कार्डे भरतात. समजा, अशी यादी आपण गावातल्या नेट कॅफेत टाईप केली, छापली, पेनड्राइव्हवर घेतली आणि मूळ फाइल पुसली. मुलांची नावे, आधार क्रमांक, पालकांचे फोन तिथून खरोखर गेले का?

गणित सोडवताना आपण बाजूला कच्चे काम करतो. प्रोग्रॅमही तसेच करतात. मजकूर लिहिताना, छापताना, ईमेलमधली फाइल उघडताना तात्पुरत्या फाइली तयार होतात. काम संपल्यावर प्रोग्रॅमने त्या पुसायच्या असतात. पण मध्येच वीज गेली तर त्या तशाच राहू शकतात. विंडोजमध्ये त्यांची जागा प्रत्येक वापरकर्त्याला वेगळी असते. मात्र नेट कॅफेत सगळे एकाच खात्यावर काम करत असतील, तर ती सगळ्यांचीच होते.

दुसरा धोका याहून खोल आहे. लिनक्समध्ये ‘टीएमपी’ नावाची, सर्वांना खुली जागा असते. एखादा प्रोग्रॅम तिथे दर वेळी ‘यादी१’ याच नावाची फाइल करतो, असे धरू. हे नाव आधी कोणी घेतले आहे का, ते तो पाहतो. मग फाइल करतो. या दोन पावलांमधल्या क्षणात कोणी त्याच नावाचा दुवा तिथे ठेवला आणि तो निकालपत्रकाकडे नेत असला, तर? प्रोग्रॅम निकालपत्रकावरच लिहितो! दुवा ठेवणाऱ्याला निकालपत्रकाला हात लावायची परवानगी नव्हती, प्रोग्रॅमला होती. तिचाच त्याने फायदा घेतला.

उपाय तीन. नाव अंदाज न येणारे असावे. पाहणे आणि तयार करणे एकाच पावलात व्हावे. नाव आधीच असेल तर काम थांबावे. फाइल फक्त मालकालाच वाचता-लिहिता यावी. सी भाषेतले ‘एमकेएसटेम्प’ आज हे तिन्ही करते. नुसते नाव सुचवणारे जुने ‘एमकेटेम्प’ २००८च्या पॉझिक्स प्रमाणातून वगळले गेले. २०१२मध्ये लिनक्सच्या गाभ्यातही असे दुवे अडवण्याची सोय आली.

वर्गात करून पाहा. एका मुलाने टेबलाचा खण रिकामा आहे हे पाहावे, मग वही आणायला जावे. तेवढ्यात दुसऱ्याने खणात काहीतरी ठेवावे. पहिल्याचे ‘मी तर पाहिले होते!’ हे म्हणणे खरेच असते. पण ते आता उपयोगाचे नसते.

आणि मुलांची यादी? ती शाळेच्याच संगणकावर, स्वतःच्या खात्यातून करावी. तिच्यातली माहिती आपली नाही, मुलांची आहे.