पद्मिनी बंद पडली? आधी करंट बघा, मग कार्बोरेटर

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी नव्याने घेतलेल्यांची नेहमीची तक्रार असते: गाडी सकाळी छान सुरू होते, तापली की बंद पडते. मग पहिला हात कार्बोरेटरला लागतो, तो उघडला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. माझं ठाम मत आहे की आधी करंट तपासावा. गाडी बंद पडताच प्लग काढून, वायर जोडून, बॉडीला टेकवा (पेट्रोलपासून लांब) आणि सेल्फ मारा. निळी, जोरदार ठिणगी पडली तर इग्निशन बहुधा ठीक. पिवळट, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट बघा. पॉइंट काळे पडून खड्डे पडले असतील तर कंडेन्सरवर संशय घ्या.

कोणी म्हणेल, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत टाकीचा गंज कार्बोरेटरमध्ये येतोच. खरं आहे. पण टाकी आणि फिल्टर साफ न करता कार्बोरेटर धुतला तर कचरा पुन्हा तिथेच येणार. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुने रबरी पाइप खातं, तेही बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष नेमका कळेल. आणि ब्रेक तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.