फेर, झिम्मा आणि कापोएरा

रेवदंड्याहून मुरूडला जाताना वाटेत कोर्लई लागतं. तिथली ख्रिस्ती मंडळी बाजारात आपल्याशी मराठीत बोलतात, पण घरात पोर्तुगीज मिसळलेली वेगळी बोली बोलतात. तिला ती 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले, बोली मात्र राहिली. तिथून पुढे मुरूडला पोचलं की समुद्रात जंजिरा दिसतो. तो किल्ला सिद्दींचा. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, कोणी खलाशी, कोणी सैनिक, आणि पुष्कळजण गुलाम म्हणून. त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे आजचा विषय. ज्या पोर्तुगिजांची जहाजं चौलला लागत, त्यांचीच जहाजं आफ्रिकेतली माणसं भरून ब्राझीललाही जात. तिथे चाळीस लाखांहून जास्त माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या या माणसांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनी एक खेळ घडवला. त्याचं नाव कापोएरा. लढाई शिकतोय हे मालकाला कळू नये म्हणून तिला नाचाचं रूप दिलं, असं सांगतात. गुलामी १८८८ साली संपली, पण १८९० च्या कायद्याने कापोएरा खेळणं गुन्हा ठरलं. १९३२ साली साल्वादोर शहरात मेस्त्रे बिंबा नावाच्या गुरूंनी त्याची शाळा काढली. २०१४ साली युनेस्कोने कापोएराच्या फेराला जगाचा वारसा म्हणून मान दिला. ज्या खेळासाठी माणसं तुरुंगात गेली, तो आज मुंबईतही शिकवला जातो.

खेळतात कसा? सगळे गोल करून उभे राहतात किंवा बसतात. एकजण बेरिंबाऊ वाजवतो. हे धनुष्यासारखं वाद्य, एक तार आणि खाली पोकळ भोपळा. गुजरातेतले सिद्दी जे मलुंगा वाजवतात तेही असंच, धनुष्य आणि भोपळा! समुद्र दोन, माणसं वेगवेगळ्या गावची, पण आठवण एकाच खंडाची. बेरिंबाऊची लय संथ असेल तर खेळ संथ, जलद झाली की खेळ जलद. एकजण गाणं उचलतो, बाकीचे टाळ्या वाजवून मागे म्हणतात. दोघं आत येतात. एकाने लाथ फिरवली की दुसरा खाली वाकून निसटतो आणि लगेच आपली चाल टाकतो. लाथ लागायच्या आत थांबवता आली तरच तो चांगला खेळाडू. थोड्या वेळाने तिसरा आत शिरतो, आधीचा बाहेर येऊन टाळ्या धरतो. कोणी नुसतं बघत बसत नाही.

ओळखीचं वाटलं ना? आपला झिम्मा, फुगडी, गौरीचा फेर. एकीने गाणं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, आळीपाळीने आत यायचं. फरक एवढाच की आपण ते वर्षातून चार दिवस करतो आणि मुलगी मोठी झाली की "पुरे आता उड्या" म्हणून तिला बसवतो. मग तिला वाटेत कोणी अडवलं की तिचं अंग आखडतं आणि आवाज फुटत नाही. ज्या अंगाला कधी पळू, वाकू, ओरडू दिलं नाही, ते एकदम कसं करील?

आठ दिवसांच्या शिबिराने कोणी मारामारी शिकत नाही. तसं कबूल करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आवाज काढणं, पाय हलवणं, अंतर राखून निसटणं, एवढं मात्र सरावाने जमतं. आणि त्यासाठी आपल्याला ब्राझीलचा गुरू लागत नाही.

आमच्या गटात हप्ते जमा झाले की आम्ही पंधरा मिनिटं फेर धरतो. कापोएराची मूळ पावलं सोपी आहेत. पाय खांद्याइतके फाकवून गुडघे थोडे वाकवायचे. उजवा पाय मागे नेला की उजवा हात तोंडासमोर आणायचा. पाय परत बाजूला आणायचा, मग डावा पाय मागे आणि डावा हात पुढे. असं झुलत राहायचं, नजर समोरचीवर. याला जिंगा म्हणतात. लाथाबिथा आम्ही मारत नाही, आमचे गुडघे आमच्याच कामाचे आहेत. गरोदर बाईने, अंग बाहेर येत असेल तिने किंवा जिचं ऑपरेशन झालंय तिने टाळ्या आणि गाणं सांभाळावं. तेही काम मोठंच, कारण लय तिच्याच हातात असते.

पहिल्या दिवशी देवळाच्या पारावरून हसू ऐकू आलं. "म्हाताऱ्या नाचायला लागल्या." दुसऱ्या आठवड्यात आम्ही मुलींनाही बोलावलं. एक सातवीतली मुलगी आजीसमोर झुलायला उभी राहिली आणि आजीने चक्क तिला चुकवलं. मग हसणारे कोण आणि टाळ्या वाजवणारे कोण, हे काही कळेना.

पुढच्या बैठकीला येताना एक रिकामा हंडा आणि ज्या बाईचा आवाज मोठा आहे तिला घेऊन या. लेकी-सुनांनाही आणा. साडीचा पदर खोचूनच या.