टाकीत किती उरलंय?
लेखमाला : अवकाश, आपल्या दारातून (लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण कफ परेडच्या मच्छीमार नगरात होतो. ‘आज मासळी कुठे लागेल’ याचा अंदाज तिथल्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, मोबाइलवर कसा येतो, ते पाहिलं. ओशनसॅट मालिकेतला उपग्रह समुद्राचा रंग टिपतो. रंगावरून पाण्यातल्या हरितद्रव्याचं प्रमाण कळतं. त्याला पृष्ठभागाच्या तापमानाची जोड देऊन हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था बंदरानुसार दिशा, अंतर आणि खोली सांगते. आभाळ भरून आलं की रंग दिसत नाही आणि अंदाजही मिळत नाही. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात तर होड्याच किनाऱ्याला असतात.

याच किनाऱ्याचा आकाशाशी आणखी एक धागा आहे, पण तो आनंदाचा नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवरचे हल्लेखोर उतरले ते इथेच, बधवार पार्कसमोर. समुद्रात कुठली होडी कुणाची, हा प्रश्न त्यानंतर सरकारला सोडेना. होड्यांना रंग ठरले, खलाशांना ओळखपत्रं मिळाली. पुढे इस्रोने विकसित केलेले, होडीवरून उपग्रहामार्फत निरोप धाडणारे ट्रान्सपॉन्डर आले. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये एक लाख होड्यांवर ते बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. थोडक्यात, मासळी शोधायला उपग्रह आणि अडचणीत निरोप धाडायलाही उपग्रहच.

आजचा विषय मात्र उपग्रहाचा कॅमेरा किंवा रेडिओ नाही. आज आपण त्याची टाकी पाहणार आहोत.

ओशनसॅट-3 हा 26 नोव्हेंबर 2022 ला पीएसएलव्ही-सी54 रॉकेटमधून गेला आणि सुमारे 740 किलोमीटर उंचीवर फिरू लागला. एखाद्या ठिकाणावरून तो दर खेपेला साधारण एकाच स्थानिक वेळी, दुपारी बाराच्या आसपास जातो. रंग मोजायचा तर ऊन सारखं हवं. पण सूर्य आणि चंद्र आपापल्या परीने ओढत असतात, कक्षेचा कल हळूहळू बदलतो आणि बाराची वेळ सरकू लागते. ती जागेवर आणायची तर उपग्रहाला अधूनमधून ढकलावं लागतं. शिवाय जुन्या यानांचे तुकडे आडवे येतात. 2023 या एका वर्षात इस्रोला आपले उपग्रह वाचवण्यासाठी 23 वेळा बाजूला सरकवावे लागले. या प्रत्येक हालचालीला इंधन जातं. कॅमेरा ठणठणीत, सौरपट्ट्या शाबूत, आणि तरी उपग्रह निवृत्त. कारण टाकी रिकामी. असं कितीतरी उपग्रहांचं झालं आहे.

या टाकीत बहुतेक वेळा असतं हायड्राझिन. गुणी पण जहरी. इरिडियमचा लेप दिलेल्या दाण्यांवर पडलं की क्षणात वायू होऊन नोझलमधून सुटतं. ठिणगी नको की दुसरा द्रव नको. मात्र त्याची वाफ फुप्फुसात गेली तर घात होतो आणि कर्करोगाचा धोका वेगळाच. ते भरताना तंत्रज्ञ बंद पोशाखात, बाहेरून हवा घेत उभे असतात आणि बाकीच्यांना दालन सोडावं लागतं. शिवाय ते 2 अंशांवर गोठतं, म्हणजे टाकी आणि नळ्या सतत उबदार ठेवायच्या. फेब्रुवारी 2008 मध्ये अमेरिकेने आपलाच एक निकामी हेरउपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तेव्हा त्याच्या टाकीतलं सुमारे 450 किलो हायड्राझिन जमिनीवर येईल, हे कारण जाहीरपणे दिलं होतं.

इथे मुंबईतली एक छोटी कंपनी येते. तुषार जाधव आणि अष्टेश कुमार या पवईच्या आयआयटीतल्या दोन अभियंत्यांनी 2017 मध्ये ‘मनस्तु स्पेस’ सुरू केली. जाधव त्याआधी ‘प्रथम’ या विद्यार्थी उपग्रहाच्या चमूत होते. 2007 च्या सुमारास सुरू झालेला हा दहा किलोंचा उपग्रह कक्षेत गेला तो 26 सप्टेंबर 2016 ला. नऊ वर्षांत विद्यार्थ्यांच्या किती तुकड्या त्यावर काम करून पदवी घेऊन गेल्या असतील! त्या उपग्रहाला स्वतःहून कक्षा बदलण्याची सोय नव्हती. सोडला तिथे फिरत राहायचं, इतकंच. त्या मुशीतून आलेल्या माणसाला पुढे इंजिनाचाच ध्यास लागावा, याचं मला नवल वाटत नाही.

मनस्तुने हायड्राझिनऐवजी निवडला हायड्रोजन पेरॉक्साइड. हो, औषधांच्या दुकानात बाटलीत मिळतो तोच. फक्त बाटलीत तो तीन टक्के असतो, बाकी पाणी. खरचटल्यावर लावला की फेस येतो, कारण रक्तातलं एक विकर त्याचं पाणी आणि प्राणवायू करतं. थ्रस्टरमध्येही, म्हणजे उपग्रहाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनातही, हेच घडतं, पण तिथला पेरॉक्साइड नव्वद टक्क्यांच्या घरातला असतो आणि विकराच्या जागी धातूचा उत्प्रेरक. झडप उघडते, द्रव बारीक नळीतून उत्प्रेरकाच्या जाळीवर पडतो, सातशे अंशांहून तापलेली वाफ आणि प्राणवायू तयार होतो आणि नोझलमधून सुसाटत बाहेर पडतो. लहान उपग्रहाच्या थ्रस्टरचा जोर असतो एखादा न्यूटन, म्हणजे तळहातावर ठेवलेल्या शंभर ग्रॅमचा दाब. अवकाशात तेवढा पुरतो.

मग इतकी वर्षं हाच का वापरला नाही? वापरला होता. जर्मनांच्या व्ही-2 रॉकेटचा पंप यावर फिरे, आणि सोयुझ रॉकेटच्या पंपांनाही यानेच फिरवलं आहे. 28 ऑक्टोबर 1971 ला ब्रिटनने ‘प्रॉस्पेरो’ उपग्रह सोडला तो पेरॉक्साइड आणि केरोसीनवर चालणाऱ्या ब्लॅक ॲरो रॉकेटमधून. पण हायड्राझिन एका किलोला जास्त ढकल देतं. एक किलो इंधन एक किलोभाराचा जोर किती सेकंद टिकवतं, हे या धंद्यातलं माप. हायड्राझिनचं ते सव्वादोनशेच्या आसपास, नुसत्या पेरॉक्साइडचं दीडशे ते पावणेदोनशे. वजनाच्या हिशोबात पेरॉक्साइड हरतो. आकारमानाच्या हिशोबात मात्र गणित फिरतं, कारण लिटरला त्याचं वजन सुमारे 1.4 किलो भरतं आणि हायड्राझिनचं एक. छोट्या उपग्रहात वजनाइतकीच जागेची मारामार असते. म्हणजे तेवढ्याच टाकीत दोघे जवळजवळ बरोबरीला येतात.

मनस्तु पेरॉक्साइडमध्ये स्वतः तयार केलेलं एक द्रव्य मिसळते, त्याचा जोर वाढवण्यासाठी. कागदावर हे सोपं दिसतं. पण जोर वाढवायचा म्हणजे उष्णता वाढवायची, आणि खरी मारामारी तिथे आहे. पेरॉक्साइडचा जुना, भरवशाचा उत्प्रेरक म्हणजे चांदीची जाळी. चांदी वितळते 962 अंशांना. 98 टक्के पेरॉक्साइड विघटन पावताना साधारण साडेनऊशेपर्यंत जातो. त्याहून तापट मिश्रण आणलं तर जाळीच वितळणार. म्हणून त्या गरमीत टिकेल, हजारो वेळा झडप उघडली तरी भुगा होणार नाही, असा उत्प्रेरक शोधायचा. कंपनीच्या चित्रफितींमध्ये हे दिसत नाही. मला विचाराल तर तिची सगळी कमाई बोटभर लांबीच्या त्या कप्प्यात आहे.

अशा इंधनासाठी वापरला जाणारा ‘हरित इंधन’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. पेरॉक्साइडची वाफ हायड्राझिनसारखी जीवघेणी नाही, एवढं खरं. पण टाकीत किंवा झडपेत चुकीचा धातू, थोडी घाण, तेलाचा थेंब राहिला की तो स्वतःहूनच फुटू लागतो. 12 ऑगस्ट 2000 ला रशियाची ‘कुर्स्क’ पाणबुडी बुडाली आणि 118 जण गेले, त्याच्या मुळाशी टॉर्पेडोतला पेरॉक्साइड होता.

आता कल्पनेच्या बाजूने पाहू. मनस्तुसारख्या कंपन्या कक्षेत उपग्रहांना इंधन भरून देण्याची भाषा करतात. ऐकायला हे विज्ञानकथेसारखं वाटतं. पण समुद्रात डिझेल संपलेली होडी ओढून आणायला दुसरी होडी जातेच ना? उपग्रहांच्या बाबतीत अमेरिकेने 2007 मध्ये ‘ऑर्बिटल एक्सप्रेस’ मोहिमेत एका यानातून दुसऱ्यात हायड्राझिन भरून दाखवलं. 25 फेब्रुवारी 2020 ला एमईव्ही-1 हे यान इंटेलसॅट-901 या दूरसंचार उपग्रहाला जाऊन जोडलं गेलं आणि त्याने इंधन न भरता, स्वतःचंच इंजिन वापरून म्हाताऱ्या उपग्रहाला कामावर ठेवलं. मुंबईचीच ‘इन्स्पेसिटी’ ही आयआयटीच्या वर्तुळातली कंपनीही उपग्रहांचं आयुष्य वाढवण्याच्या मागे आहे.

या सगळ्याला आधी जोडणी यायला हवी. 30 डिसेंबर 2024 ला पीएसएलव्ही-सी60 मधून ‘स्पेडेक्स’चे दोन उपग्रह गेले आणि 16 जानेवारी 2025 ला एकमेकांना जोडले गेले. असं करणारा भारत चौथा देश. त्याच रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर, पोएम-4 वर, मनस्तुचा ‘व्योम-2यू’ हा थ्रस्टरही होता. भावी पेट्रोलपंपाचा नळ आणि त्याला जोडायची तोटी एकाच रॉकेटने वर गेली, हा योग मला गमतीचा वाटला. इन्स्पेसिटीचं ‘गीता’ हे प्रणोदन यंत्र त्याआधीच, 1 जानेवारी 2024 ला, पोएम-3 वरून गेलं होतं. 

पोएम म्हणजे फेकून द्यायच्या टप्प्याला काही आठवडे-महिने कामाला लावणं. छोट्या कंपनीला स्वतःचा उपग्रह परवडत नाही, म्हणून ही सोय मोठीच. पण तिची मर्यादाही आहे. पोएम-4 एप्रिल 2025 मध्ये वातावरणात शिरून संपला, म्हणजे सारं आयुष्य जेमतेम तीन महिन्यांचं. ओशनसॅटसारखा उपग्रह पाच वर्षांच्या हिशोबाने बांधतात. आणि पेरॉक्साइड बंद टाकीतही हळूहळू विघटन पावत राहतो, टाकीतला दाब वाढत जातो. टाकीचं ॲल्युमिनियम किती शुद्ध, आतला पृष्ठभाग कसा घासलाय, स्थिरता आणणारं द्रव्य किती घातलंय, यावर तो वेग ठरतो. जमिनीवर गरम खोलीत ठेवून काळ लवकर पुढे ढकलल्यासारखी चाचणी घेता येते. उपग्रह विकत घेणारा मात्र विचारतो, ‘पाचव्या वर्षी कक्षेत झडप उघडल्याचं दाखवा.’ ते दाखवायला पाच वर्षंच लागतात, आणि तोवर पगार सुरू ठेवावे लागतात.

हे पगार कोण देतं, कोणत्या अटींवर, आणि संरक्षण खात्याच्या निधीचा यात किती वाटा आहे, हे पुढच्या लेखांकात.